नंतर सांगतो

पडदेवाली ताई स्वभावाने चांगली होती असं तिला ओळखणारं कोणी म्हणणार नाही, आणि कोणी तोंडावर म्हणालंच असतं तर तिने त्याला दुकानाबाहेर काढलं असतं. गिऱ्हाइकाने कापडाचा रंग पुन्हा पुन्हा बदलला की ती गळ्यातला टेप काढून टेबलावर आपटायची. पत्त्यांत लबाडी करायची आणि पकडली गेली की समोरच्यावरच उलटायची. लोकांच्या भानगडींची तिला भारी हौस. समोरच्या बँकेच्या पायऱ्यांवर कोण कोणाच्या किती जवळ उभं आहे, हे ती पडद्याला चुण्या घालता घालता काचेतून टिपायची आणि संध्याकाळपर्यंत त्याचं एक अख्खं प्रकरण रचून मोकळी व्हायची. त्यातलं निम्मं खोटं निघायचं. त्याबद्दल तिला कधी लाज वाटल्याचं कोणाच्या पाहण्यात नाही.

ती बहिरी होती. सहा वर्षांची असताना ताप आला, आणि जाताना ऐकू येणं घेऊन गेला. बोलणं राहिलं, पण आवाज किती सोडावा याचा अंदाज राहिला नाही. ‘अस्तर लावायचं का?’ असं ती समोरच्या बाईला विचारायची ते गल्लीच्या टोकाच्या न्हाव्याला ऐकू जायचं. दुकानाच्या दाराला घंटी नव्हती, दार उघडलं की मशिनीवरचा छोटा दिवा लागायचा. मापं पक्की, शिलाई सरळ, तोंड फटकळ. पडदे शिवून शिवून तिचं एक मत बनलं होतं की माणसं घर घेतात ते उजेडासाठी आणि लगेच तिच्याकडे येतात ती तो अडवायला.

हे एवढं सविस्तर सांगायचं कारण म्हणजे पुस्तकांच्या जगात हीच बाई देवदूत होती.

तो चमत्कार तिच्या धाकट्या भावाने केला होता. भाऊ मुलांसाठी कादंबऱ्या लिहायचा. त्यातही ज्यांना लहान म्हटलं तर राग येतो आणि मोठं म्हटलं तर काम करावं लागतं, त्या वयाच्या मुलांसाठी. त्याच्या सगळ्या पुस्तकांची नायिका एकच, मौनी नावाची बहिरी मुलगी. मौनीचे डोळे तळ्यासारखे होते. मौनीला राग येत नसे, भूक लागत नसे, शाळेत ती कोणाची खोडी काढत नसे. आगगाडी येतेय हे तिला तळपायांतून स्टेशनमास्तरच्या आधी कळायचं. ओठ वाचण्यात तर तिने हद्दच केली होती. ती नदीपलीकडच्या चोरांचे ओठ वाचायची, अंधारात वाचायची, आणि तिसऱ्या पुस्तकात तर तिने चक्क एका पाठमोऱ्या माणसाचे ओठ वाचून धरण वाचवलं. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी ऐकू येणारी सगळी माणसं रडायची आणि त्यांना काहीतरी शिकायला मिळायचं. मौनीला स्वतःला काय मिळायचं हे मात्र कुठेच लिहिलेलं नसायचं. आणि एवढ्या मोठ्या गावात बहिरी म्हणून ती एकटीच. दुसरं बहिरं माणूस पाच पुस्तकांत औषधालासुद्धा नव्हतं.

पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर छापलं होतं, ‘माझ्या ताईस, जिच्या शांततेने मला बोलायला शिकवलं.’ ताईने ते दुकानात वाचलं आणि मोठ्याने म्हणाली, “कोणाची शांतता?” टोकाचा न्हावी दचकला.

आता या भावाच्या मिशीबद्दल सांगितलं पाहिजे. कॉलेजात असताना त्याने मिशी ठेवली. भरघोस, वरचा ओठ पूर्ण झाकून खालच्यावर उतरणारी. ताई खरं म्हणजे ओठ वाचण्यात बेताचीच होती. एक तृतीयांश दिसायचं, बाकीचं अंदाजाने भरायची, आणि अंदाज बांधण्यात तर तिचा हातखंडा. पण मिशीपुढे अंदाजही थकतो. “मिशी काप रे, तुझं बोलणं दिसत नाही,” असं ती तेव्हापासून सांगत होती, आणि तो तेव्हापासून हसून मान डोलावत होता. ओठ वाचणाऱ्या मुलीवर त्याने पाच पुस्तकं लिहिली, त्यांवर बक्षिसं घेतली, सभांमधून ‘श्रवणदिव्यांग भावविश्व’ या विषयावर व्याख्यानं दिली, पण मिशीला कात्री काही लागली नाही. हातांची भाषा शिकायला तर त्याला वेळच नव्हता. बिचारा बहिऱ्या मुलीवर लिहिण्यात इतका गुंतलेला! त्याला एकच खूण यायची, अंगठा वर. ती तो येताना करायचा आणि जाताना करायचा.

मिशीआडूनही ताईला दोन शब्द मात्र लख्ख वाचता यायचे. ‘नंतर सांगतो.’ लहानपणापासून पाठ झालेले. जेवायला सगळे बसलेले असायचे, कोणीतरी काहीतरी बोलायचं, सगळे एकदम हसायचे. ती विचारायची, “काय झालं?” आई म्हणायची, काही नाही गं, नंतर सांगते. बाबा म्हणायचे, नंतर. भाऊ घास गिळत म्हणायचा, नंतर सांगतो. ते नंतर कधी आलं नाही. आलंच तर रडतखडत, एका वाक्यात यायचं, ‘काही विशेष नव्हतं.’ मग ती एक हसू शिकली. सगळे हसले की एक क्षण मागून, बेताचं, तोंडावर चिकटवल्यासारखं. त्या हसूने जेवणं पार पडायची. आईबाबा गेले, भावाचं लग्न झालं, टेबल बदललं, भावजयही तेच दोन शब्द शिकली, आणि ताई रविवारी जेवायला गेली की ते हसू पर्समध्ये चष्म्याशेजारी ठेवल्यासारखं घेऊन जायची.

आता तुम्ही म्हणाल, एवढं होतं तर ती मौनीची पुस्तकं फाडून का नाही टाकत? त्याचं उत्तर मिरची.

ताईच्या गल्लीमागे बहिऱ्या मुलांची शाळा होती. शाळा सुटली की बस येईपर्यंत मुलं ताईच्या दुकानात घुसायची आणि कापडाच्या ताग्यांवर जाऊन बसायची. हातांनी अखंड गप्पा. या मुलांत प्रत्येकाला एक खुणेचं नाव असतं, ते ज्याचं त्याने ठेवायचं नसतं, इतरांनी ठेवायचं असतं. ताईचं नाव पडदा ओढल्याची खूण. भावाचं नाव नाकाखाली आडवं बोट, म्हणजे मिशी. आणि तेरा वर्षांच्या एका मुलीचं नाव जिभेला वारा घालण्याची खूण, म्हणजे मिरची. मिरचीच्या नाकावर कायम राग असायचा, आणि तिने मौनीची पाचही पुस्तकं इतक्यांदा वाचली होती की पानं सुटून आली होती.

“शी! काय मूर्ख मुलगी आहे,” असं ती प्रत्येक वेळी हातांनी म्हणायची.

“मग वाचतेस कशाला?” ताई विचारायची.

“दुसरी आहे का आपली?”

ताई परत मशीन चालवू लागायची. आणि मिरची नुसती वाचत नव्हती. ज्या लहान मुलांना अजून धड वाचता येत नव्हतं त्यांना ती ताग्यांवर बसवून मौनीच्या गोष्टी हातांनी सांगायची, त्यात खुशाल बदल करून. मिरचीची मौनी चोरांना चावायची. गृहपाठ करायची नाही. तिची बहिऱ्या पोरांची एक टोळी होती आणि त्यात एक ढ मुलगा होता जो प्रत्येक बेत बिघडवायचा. छोटी मुलं हसून हसून ताग्यांवरून घरंगळायची. ताई मशीन थांबवून बघत बसायची. तिला सहाव्या वर्षापासून कोणी गोष्ट सांगितली नव्हती. त्या दुकानात गिऱ्हाईक ताटकळत राहिलं तरी गोष्ट अर्धी सोडलेली तिला चालायची नाही.

असं सगळं चाललेलं असताना भावाने जाहीर केलं की सहावं पुस्तक शेवटचं. मौनीचं काय होतं ते त्यात एकदाचं कळणार. पोरं घाबरली. कारण मुलांच्या पुस्तकांतल्या बहिऱ्या पात्रांचा शेवट कसा होतो, याचा मिरचीचा अभ्यास दांडगा होता. शाळेच्या कपाटात जेवढी सापडली तेवढी तिने वाचली होती.

“मरतात,” तिने ताईला सांगितलं. “कोणाला तरी वाचवतात आणि मरतात. मग ऐकू येणारा मित्र शहाणा होतो.”

“मारू देणार नाही मी,” ताई म्हणाली. आवाज नेहमीचाच, त्यामुळे ते गल्लीनेही ऐकलं.

भावाच्या घरची एक पद्धत होती. पुस्तक संपलं की रविवारी दुपारी शेवटचं प्रकरण घरच्यांना वाचून दाखवायचं. तो खिडकीशी पाठ करून बसायचा, कारण उजेड कागदावर पडायला हवा. म्हणजे त्याचं तोंड पूर्ण अंधारात. प्रकाशिका बाई, म्हणजे त्याची पुस्तकं छापणाऱ्या, सोफ्यावर. भावजय चहाचा ट्रे घेऊन दारात. आणि ताई मधोमध, मानाच्या खुर्चीत, कारण ती प्रेरणा. प्रेरणेला एक शब्दही कळत नसे, पण प्रेरणेने हजर असलं पाहिजे असा भावाचा आग्रह असे. एकदा तिने मध्येच उठून खिडकीचा पडदा ओढला होता, स्वतःच शिवलेला, म्हणजे निदान मिशी तरी दिसावी. प्रकाशिका बाईंनी तिला प्रेमाने हाताला धरून खाली बसवलं होतं आणि पडदा परत उघडला होता.

या रविवारीही तो वाचू लागला आणि ताई चेहरे वाचू लागली. मध्यावर भावजयीने ट्रे खाली ठेवला. मग प्रकाशिका बाईंनी चष्मा काढला. आणि शेवटी भाऊ रडला. डोळ्यांत पाणीबिणी नाही, हुंदके देऊन. वाचून झाल्यावर तो उठला, ताईजवळ आला आणि त्याने तिला घट्ट मिठी मारली. अशी मिठी त्याने आई गेली त्या दिवशी मारली होती, त्यानंतर आजच.

“मेली का?” ताईने विचारलं.

तो डोळे पुसत म्हणाला, “नंतर सांगतो, ताई.”

ती स्वयंपाकघरात भावजयीच्या मागे गेली. “शेवटी काय झालं गं?”

“वन्सं, काय सांगू!” भावजय एवढं म्हणाली आणि तोंड फिरवून बाकीचं सगळं बेसिनच्या नळाला सांगितलं.

आता बँकेच्या पायऱ्यांवरून प्रकरणं रचणाऱ्या बाईला याहून अधिक पुरावा कशाला लागतो? सगळे रडले, मिठी मारली, म्हणजे पोरगी गेली. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तिने मुलांना ताग्यांवर बसवलं आणि सांगून टाकलं. मौनी मेली.

सगळ्यात लहान मुलगा रडू लागला. मिरची रडली नाही. ती उठली, आणि दुसऱ्या दिवशी अख्खी शाळा घेऊन प्रकाशिका बाईंच्या कार्यालयासमोर जाऊन उभी राहिली. रांगेत, तोंडं आंबट करून, हाताची घडी घालून. हाताची घडी म्हणजे आम्ही तुमच्याशी बोलत नाही, एवढा साधा अर्थ. प्रकाशिका बाईंनी खिडकीतून पाहिलं आणि त्या विरघळल्या. “अय्या, किती शिस्तीची मुलं!” त्यांनी फोटो काढून घेतले आणि सगळ्यांना बिस्किटं वाटली. मुलांनी हाताची घडी सोडून बिस्किटं खाल्ली, मग परत घडी घातली. शेवटी शाळेच्या मुख्याध्यापिका धावत आल्या आणि त्यांनी अर्थ सांगितला, तेव्हा बाईंचा चेहरा उतरला. पुस्तक अजून छापायचं होतं. बहिऱ्या मुलीचं पुस्तक आणि बहिरी मुलंच दाराशी रुसून बसलेली, हे बाहेर कळलं तर शोभा होणार. त्यांनी तोडगा काढला. लेखक स्वतः शाळेत येऊन शेवटचं प्रकरण वाचून दाखवतील, दुभाषी बाई खुणांनी सांगतील, आणि सगळे गैरसमज दूर होतील.

भाऊ दुकानात आला तो अंगठा वर करूनच. मुलं पुस्तकासाठी एवढी पेटून उठली याचा त्याला मनातून आनंदच झाला होता.

“मारू नकोस तिला,” ताई म्हणाली. तिने त्याचा हात धरला होता. “दुसरं काही मागत नाही तुझ्याकडे. मिशीसुद्धा राहू दे. पण ती पोरगी जिवंत राहिली पाहिजे. या पोरांना तेवढी एकच आहे रे.”

भावाने जोरजोरात मान हलवली. नाही मरत. मग छातीवर हात ठेवून त्याने काहीतरी लांबलचक सांगितलं, त्यातलं तिला ‘तुझ्यासाठी’ एवढं दिसलं.

“म्हणजे काय होतं मग?”

“नंतर सांगतो,” तो म्हणाला, आणि डोळा मारला.

ताईचा जीव भांड्यात पडला. तिने पोरांना सांगितलं, माझी चूक झाली, मौनी जिवंत आहे. मिरचीने डोळे बारीक केले. “नक्की? का आणखी एक प्रकरण?” ताईने गळ्याला चिमटा घेऊन शपथ घेतली. आता मौनीच्या जिवाबरोबर तिची स्वतःची पतही टांगलेली होती, आणि पोरांपुढची पत गेली तर तिला ते ताग्यांवरचं दुपारचं राज्य परत मिळणार नव्हतं. बाकी कोणाच्या टेबलावर तिला जागा नव्हती, हे ती कोणाला सांगत नसे, पण तिला ते पक्कं ठाऊक होतं.

शाळेच्या हॉलचे पडदे ताईनेच शिवलेले. त्या दिवशी ती आधी जाऊन उभी राहिली आणि कोणता पडदा किती ओढायचा ते स्वतः ठरवलं. दुभाषी बाईंच्या हातांवर आणि तोंडावर स्वच्छ उजेड. भावाने सवयीने खिडकीशी पाठ केली, त्याला तिने तिथेच राहू दिलं. त्याचं तोंड बघायची आज गरजच नव्हती. पहिल्यांदाच त्याचं वाचणं तिला त्याच वेळी कळणार होतं. घरातल्या रविवारच्या दुपारी हे असं करायला किती लागत होतं? एक दुभाषी आणि अर्धा पडदा. तिला जरा रडूच आलं, पण तिने नाक शिंकरून ते उडवून लावलं.

मग दुभाषी बाईंचे हात चालू लागले. मौनी मोठ्या शहरात जाते. तिथे एक थोर डॉक्टर आहे, पांढऱ्या दाढीचा. तो मौनीच्या डोक्यावरून हात फिरवतो. शस्त्रक्रिया होते. मौनी डोळे उघडते. (“डोळ्यांचं काय झालं होतं?” मिरचीने मागे वळून विचारलं.) खिडकीत पाखरू असतं. मौनी ते ऐकते. मग तिचा लहान भाऊ मागून हाक मारतो, आणि मौनी वळून बघते. सगळं गाव रडतं. शेवटचं वाक्य दुभाषी बाईंनी जरा थांबून, जमिनीकडे बघत सांगितलं, ‘आणि त्या दिवशी मौनी पूर्ण झाली.’

भावाने कागद मिटले. त्याच्या मिशीवर आसवं ओघळली होती. तो ताईकडे बघत होता, लहान मुलाने चित्र काढून आणून दाखवावं तसा.

तेव्हा ताईला कळलं की तो रविवारी कशाला रडला होता. ताप उतरला त्या दिवशी चार वर्षांच्या या पोराने तिला मागून हाक मारली होती आणि ती वळली नव्हती. तो इतकी वर्षं पुस्तकामागून पुस्तक लिहून त्या वळण्याची वाट बघत होता. तिला त्याची फार माया आली, आणि त्याच श्वासात तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, मी इथे आहे! पन्नाशी उलटलेली, समोर बसलेली, दर रविवारी तुझ्या टेबलावर जेवणारी. तुला हाक मारायची तर पुढे येऊन खांद्यावर हात ठेव की. मी लगेच वळते.

हॉलमध्ये सगळ्या मुलांचे हात हवेत गेले होते. आता भावाला गाडीत दुभाषी बाईंनी एवढंच शिकवून ठेवलं होतं की ही मुलं टाळ्या वाजवत नाहीत, हात वर करून हलवतात. त्याने हवेत उडणारे हात पाहिले आणि तो कृतार्थ झाला. डावीकडे वाकला, उजवीकडे वाकला, अंगठा वर केला. प्रकाशिका बाईही उभ्या राहून वाकल्या. मुलं काय म्हणत होती ते इथे सगळं देता येण्यासारखं नाही. त्यातलं सौम्य म्हणजे ‘फसवलं’.

मग मिरची पुढे आली आणि भावासमोर उभी राहून बोलू लागली. हात दमादमाने, एकेक खूण वेगळी. दुभाषी बाईंनी ते आवाजात सांगायला तोंड उघडलं, इतक्यात ताईने त्यांच्या दंडाला हात लावला आणि खुणेने म्हटलं, तुम्ही दमलात, चहा घेऊन या. दुभाषी बाईंनी मुख्याध्यापिकांकडे पाहिलं. मुख्याध्यापिका नेमक्या त्या वेळी पडद्याच्या शिलाईचं कौतुक करण्यात गढून गेल्या होत्या. दुभाषी बाई चहाला गेल्या.

“काय म्हणतेय ती?” भावाने विचारलं.

ताईने त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. ही शांतता मात्र अगदी पुस्तकातल्यासारखी होती.

“नंतर सांगते,” ती म्हणाली.

मिरचीचं बोलून झालं, मग बाकीची तुटून पडली. एकाने हवेतल्या हवेत थोर डॉक्टरची दाढी उपटली. मिरचीने ऐकू येणाऱ्या मौनीची नक्कल केली. मौनी पहिल्यांदा पाखरू ऐकते, मग वडिलांचं घोरणं, मग शेजारच्यांचं भांडण, मग कान दाबून डॉक्टरकडे पळते, परत पूर्वीसारखं करून दे म्हणून. हॉल हसून लोळला. ताई डोळे पुसत हसत होती. आयुष्यात कितीदा असं झालं असेल की सगळे हसताहेत आणि तिला आधीच माहीत आहे का?

“ताई, काय झालं? का हसताहेत?”

“काही नाही रे. नंतर.”

ताईने ठरवलं होतं की आज जेवण होईपर्यंत सांगायचं नाही. उद्याही नाही. पुढच्या रविवारी, त्याने तिसऱ्यांदा विचारल्यावर, घास गिळत म्हणायचं, काही विशेष नव्हतं. सूड म्हणून हा बेत उत्तम होता. पण तेवढ्यात मुलं पुन्हा हसली आणि भाऊसुद्धा हसला. एक क्षण मागून. बेताचं, मिशीखाली चिकटवल्यासारखं. डोळे मात्र या तोंडावरून त्या तोंडावर फिरत होते, काही सापडतंय का बघत.

ते हसू ताईने आरशात सोडून कोणाच्या तोंडावर पाहिलं नव्हतं. ते इतकं केविलवाणं दिसतं हे तिला माहीतच नव्हतं. आणि एवढी वर्षं ते टेबलावरच्या कोणाला कसं दिसलं नाही, याचा तिला राग आला, आणि तरीही ती उठली. तिने त्याला दंडाला धरून खिडकीशी ओढलं, पडदा सरकवला आणि त्याचं तोंड उजेडाकडे केलं.

“ऐक,” ती म्हणाली. “आत्ता सांगते.”

पुस्तकाचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकतो, म्हणजे कोणाचा जीव टांगणीला नको. शेवटचं प्रकरण बदललं. त्यात मौनी बहिरीच आहे, खिडकीच्या जागेवरून भावाशी भांडते, चावते, आणि एक ढ मित्र तिचा बेत बिघडवतो. थोर डॉक्टर नाही. पुस्तकाला बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांचं म्हणणं पडलं की शेवट हृदयाला भिडत नाही.

पण त्या दिवशी हॉलमध्ये यातलं काही ठरलेलं नव्हतं. ताईने मिरचीचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. नेहमीच्या आवाजात सांगितलं, त्यामुळे चहाला गेलेल्या दुभाषी बाईंनीही ऐकलं.

“ती म्हणाली, तुम्ही तिला मारलं असतं तर बरं झालं असतं. मेली असती तरी आमचीच राहिली असती.”

भाऊ बघत राहिला. त्याचा चेहरा हलला, तोंड उघडलं, मिटलं, डोळे भरून आले. एरवी तिने यावरून केव्हाच ताडलं असतं की पश्चात्ताप झाला, किंवा अपमान झाला, किंवा नवं पुस्तक सुचलं, आणि संध्याकाळपर्यंत त्याचं प्रकरण करून पोरांना सांगितलं असतं. पण चेहरे वाचून एकदा तोंडघशी पडली होती. तिने सरळ विचारलं.

“कळलं का?”

भाऊ अंगठा वर करू लागला. हात अर्ध्यावर थांबला. मग त्याच हाताच्या दोन बोटांनी त्याने मिशी वर उचलून धरली, सगळा वरचा ओठ दिसेल अशी, आणि सावकाश म्हणाला,

“नाही कळलं, ताई. परत सांग.”

तिने परत सांगितलं.